सातवी गाठ

पलंगाच्या कडेला बसून वृंदा आईने अंगावरून उतरवलेल्या पातळाच्या गाठी सोडवत होती. आज पदराला सात होत्या. काही लक्षात ठेवायचं असलं की पदराला गाठ मारायची, ही आईची जुनी सवय. पूर्वी काम झालं की गाठ सुटायची. आता कामं आठवत नाहीत, गाठी तेवढ्या वाढतात. दिवसभर शाळेत शिकवून आल्यावर वृंदाच्या नशिबी रोज हाच उद्योग. ओढाताणीत दोन पातळं फाटलीसुद्धा.

“ही कशाची?” तिने वैतागून विचारलं.

“असेल काहीतरी.” गाउनमध्ये अवघडून बसलेली आई म्हणाली.

“आणि ही?”

“मला काय ठाऊक, बाई.”

“मग मारतेस कशाला? माझा जीव खायला?” वृंदाचा आवाज चढला. शेवटची गाठ बारकी होती, सुटता सुटेना. तिने ती दातात धरली, तशी आईने झडप घालून तिचं मनगट पकडलं.

“ती नको सोडू. ती माझ्या लक्षात आहे.”

“मग सांग ना.”

आईने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “संध्याकाळी इथे एक बाई येते. सारखी ओरडते माझ्यावर. पण ती आपली आहे. तिला हाकलायचं नाही.”

गाठ तोवर सुटली होती.

वृंदाने आईला धुतलेलं पातळ नेसवलं, पदर हातात घेतला आणि त्याला एक गाठ मारली. दातांनी ओढून, घट्ट.