स्पंज धुण्याची परीक्षा

सूनबाई टाकीतील स्पंज काढून स्वयंपाकघरात गेली, तेव्हा बाहेरच्या खोलीतील तिन्ही वृद्धांनी, म्हणजे सासरे, दातांचे डॉक्टर आणि चष्म्यांचे दुकानदार यांनी, आपापल्या खुर्च्या भिंतीकडे वळवल्या. मासे पाळणाऱ्यांच्या या मंडळात शेवटची परीक्षा डोळ्यांनी घेत नसत, कानांनी घेत. फिल्टरमधील त्या काळपट स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वास करतात व माशांची घाण पचवतात. तो टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळावयाचा. नळाखाली धरला, तर क्लोरीनने आधी जिवाणू मरतात, मागोमाग मासे. म्हणून नळाचा आवाज आला, की शिष्य नापास.

बादलीत जुने पाणी तयार होते. बादलीच्या बाजूला बेसिनवर नळ होता.

सासऱ्यांच्या हातांना कंप सुटल्यापासून टाकीचे सर्व काही तीच पाहत होती. आज ती उत्तीर्ण झाली, तर टाकी येथेच राहणार, टाकीपाशी सासरे राहणार, आणि नवरा जहाजावर असल्यामुळे सासऱ्यांपाशी तिला राहावे लागणार. नापास झाली, तर टाकी दातांच्या डॉक्टरांकडे जाणार आणि सासरे थोरल्या मुलाकडे. तसे सर्वांसमक्ष ठरले होते. परगावच्या छापखान्यातील नोकरीची जागा तिच्यासाठी उद्यापर्यंतच राखून ठेवलेली होती.

"टाकी माझ्याकडे आली तर सोनं होईल तिचं," बाहेर डॉक्टर म्हणत होते.

"तुमच्याकडे गेलेला दात आणि तुमच्या टाकीत गेलेला मासा परत कुणाला दिसलाय का, डॉक्टर?" चष्मेवाले म्हणाले.

"तुमच्या दुकानातला चष्मा लावल्यावर कसा दिसेल?"

"गप्प बसा रे दोघं," सासरे म्हणाले. "ऐकू येत नाही मला."

खोली शांत झाली. त्या शांततेत सूनबाईने डाव्या हातात स्पंज धरला आणि उजव्या हाताने नळ सोडला.

पाण्याची धार बेसिनवर आदळली. तो आवाज तिला स्वतःलाच फार मोठा वाटला. आता केवळ डावा हात पुढे करावयाचा होता. स्पंजातून कोमट, तपकिरी पाणी झिरपून तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होते. हात धारेजवळ गेला आणि वीतभर अंतरावर थबकला. तिने त्याला मनातल्या मनात पुढे ढकलले. तो हलेना. जणू कोणाचे झोपलेले मूल त्यावर ठेवलेले असावे.

तिने नळ बंद केला. स्पंज बादलीत बुडवून तीन-चारदा हळुवार पिळला आणि ती बाहेर आली.

"नळ वाजला," चष्मेवाले भिंतीकडे पाहतच म्हणाले. त्यांचा स्वर खेदपूर्ण होता.

सूनबाईला काहीच बोलावयाचे नव्हते. न बोलणे पुरेसे होते. परंतु डॉक्टरांनी तोवर उठून तिच्या हातातील स्पंज घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

"क्लोरीनचा मागमूस नाही! अहो, हा जिवंत आहे. मग नळ कशाला सोडलास गं?"

"हात धुतले," ती म्हणाली. "साबणाचा हात टाकीत जायला नको." हे वाक्य तिच्या तोंडून कसे निघाले, ते तिलाही कळले नाही.

"घ्या! हे तर मीसुद्धा विसरतो!" डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. "गुरूच्या वरताण निघाली हो तुमची सून. आता हिच्याशिवाय या टाकीतलं पान हलायचं नाही."

चष्मेवाल्यांनी पिशवीतून दुसरी पिशवी काढली. तिच्यातल्या पाण्यात गप्पी माशांची एक जोडी होती. उत्तीर्ण होणाऱ्याला आपल्या टाकीतील जोडी देण्याची मंडळाची रीत होती, आणि दिलेली जोडी कोणी परत करीत नसे. "माझ्या घरची लेक समजून सांभाळ," बांधलेली पिशवी टाकीत सोडत ते म्हणाले. "दर रविवारी बघायला येईन. पिशवी अशीच तरंगू दे. आतलं-बाहेरचं पाणी एका उबेचं झालं, की गाठ सोड."

दोघे जिना उतरून गेले. त्यांचे हसणे रस्त्यावर जाईपर्यंत ऐकू येत होते.

सासऱ्यांनी आपली खुर्ची टाकीकडे वळवली. मग म्हणाले, "हात तर तू आधीच धुतले होतेस. मी पाहिलं होतं."

ती टाकीपाशीच उभी राहिली.

"थोरल्याची धाकटी चालायला लागली म्हणे. भिंत धरून." ते म्हणाले. "नळाचा आवाज आला ना, तेव्हा मला वाटलं, सुटलो. दोघंही."

"मग तुम्हीच सांगायचं होतंत, मामंजी. नको ही टाकी म्हणून."

"यांना? सगळ्यांना मीच नादी लावलं. आणि आता मीच म्हणू, मला कंटाळा आला? काय तोंड दाखवू?" त्यांनी मान वर केली. त्यांच्या स्वरात रागही होता, विनवणीही होती. "पण तुला कुणी अडवलं होतं? तू का बंद केलास नळ?"

ती टाकीकडे वळली. पिशवीला बाहेरून हात लावून पाहिला. पाणी एका उबेचे झाले होते. तिने गाठ सोडली आणि पिशवीचे तोंड पाण्याखाली पुरते उघडले.

मासे पिशवीतच फिरत राहिले.