शंभरातून सात

दर रविवारी चर्चमधली उपासना संपली की बाबांचा फोन येतो. दुसरं काही बोलायच्या आधी मी म्हणते, "शंभरातून सात वजा करत या." त्यांच्या नुसत्या शब्दावर विसंबायची सोय माझ्या लहानपणापासूनच नव्हती. आकडे अडखळले की प्यायलेत हे कळायचं आणि मी फोन ठेवून द्यायचे.

येशूचं नाव घेऊन त्यांनी बाटली सोडली, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून एकदाही चुकले नाहीत. त्र्याण्णव, शहाऐंशी करत थेट दोनपर्यंत येतात आणि विचारतात, "घरी कधी येतेस?"

"बघू," मी म्हणते.

आज ते बहात्तरवर थांबले. "बहात्तर... बहात्तर..."

"बाबा, पुन्हा सुरू केलीत?"

"नाही गं. येतंय. ठेवू नकोस."

मग फोनवर त्यांच्या चर्चच्या पाळकांचा आवाज आला. "ताई, ते दारूला शिवलेलेही नाहीत. हल्ली विसरायला होतं त्यांना. परवा माझं नाव आठवेना. तरी दर रविवारी उपासनेआधी माझ्यासमोर बसून ही वजाबाकी घोकतात. तुम्ही फोन ठेवून द्याल याची धास्ती असते."

"त्यांना द्या फोन," मी म्हणाले. "म्हणावं, गणित राहू दे."

पण पलीकडून बाबाच पाळकांना घाईघाईनं सांगत होते, "पासष्ट. पासष्ट आलं बघा. सांगा तिला. आता येईल का ती?"