कोपऱ्यातला चुना

सातशे वर्षं जुन्या सराईतल्या एका कोपऱ्यातून गिलाव्याचा तांदळाएवढा टवका काढून शमाने यंत्राच्या भट्टीत ठेवला. आपला श्वास मिसळू नये म्हणून तिने आणि सोनटक्केसरांनी मास्क लावले होते. ओला चुना सुकताना आसपासच्यांचे श्वास गिळून बसतो आणि तापवला की सोडून देतो. तो श्वास कुणाचा, हे आता यंत्र सांगत होतं. समोरच्या भिंतीतून काल एक खोकणारा म्हातारा निघाला होता.

कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींत छातीच्या उंचीवर एकेक भोक होतं. ती प्रवाशांची गाठोडी टांगायच्या खुंट्यांची, असं सरांनी अहवालात लिहूनही टाकलं होतं.

"सर, इथे तान्हं बाळ होतं," पडद्याकडे बघत शमा म्हणाली. "अंगावर पिणारं."

सर भोकांकडे बघत राहिले. "झोळी," ते हळूच म्हणाले. "आई गिलावा करत होती आणि पोर इथे निजलं होतं. माझ्या आईनेही बांधकामावर मला असंच टांगलेलं."

दुसऱ्या चाचणीशिवाय निष्कर्ष कुणी मानत नसे. पण त्या कोपऱ्यात मूळ चुन्याचा एकच टवका उरला होता.

"राहू द्यायचा का, सर?"

"नको. मग ते बाळ कायमचं गाठोडंच राहील."

चाचणी झाल्यावर यंत्रातली हवा नळीने बाहेर सोडायचा नियम होता. सरांनी नळी काढून ठेवली. भट्टी तापली, पडद्यावर पुन्हा तेच बाळ उमटलं, तेव्हा दोघांनी मास्क खाली ओढले आणि त्या बाळाचा श्वास सावकाश आत घेतला.