प्रमिलाबाईंचं नाक

धीरजने मोटरसायकल थांबवली, हँडलला अडकवलेल्या दोन डब्यांपैकी उजव्या हाताचा काढला आणि प्रमिलाबाईंच्या दारात उभा राहिला.

डबे सारखेच होते, स्टीलचे, तोंडाला फडकं बांधलेले. एकात तूप, दुसऱ्यात फवारणीसाठी निंबोळीचं तेल. सकाळी तेल ओतताना त्याच्या पँटवर सांडलं होतं. बायकोने, हर्षाने, दोन्ही डबे पुसून दिले आणि गाडीसमोर उभी राहून बजावलं, "उजव्या हाताचा मावशीले देजो." तेव्हापासून त्याच्या नाकात निंबोळीशिवाय दुसरा वास शिरत नव्हता.

"या, फोरमनसाहेब!" प्रमिलाबाई म्हणाल्या. त्याच्या कपड्यांना येणाऱ्या उग्र वासाबद्दल चकार शब्द नाही. मोठ्या मनाची बाई, धीरजला वाटलं. तो वाकून पाया पडला.

"तुमच्यामुळं, मावशी. नाईतर मी कुठला फोरमन होतो?"

"माह्यामुळं कायले? तुह्या कष्टामुळं. बस, चहा टाकतो."

धीरजला मात्र ठाऊक होतं, कुणामुळे ते.

पुलगावबाहेर भैय्याजींचं कापसाचं जिनिंग होतं. तिथे बिडी-सिगारेट पिणाऱ्याला काम मिळत नसे. कामावर प्यायची नाही एवढंच नव्हे, पिणारा माणूसच नको. "घरी पितो म्हणणाऱ्याच्या खिशात एखाद्या दिवशी काडीपेटी राहतेच," भैय्याजी म्हणत, "अन् कापसाले एक ठिणगी पुरते." माणूस घरी काय करतो ते त्याचं तो पाहील, असं कुणी म्हटलं तर ते जुन्या आगीत काळी पडलेली भिंत दाखवत.

दिवाळीनंतर हंगामाची भरती निघाली की फाटकाशी खुर्ची टाकून प्रमिलाबाई बसत. रांगेतल्या प्रत्येकाची बोटं हुंगत. लिंबू चोळा, राख चोळा, बाई बरोबर सांगत. पंचवीस वर्षांत चूक नाही. करोनाच्या तापात त्या महिनाभर पडून होत्या, तरी भैय्याजींनी ती खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली नाही.

त्या दुखण्यानंतरच्या पहिल्याच भरतीला धीरज रांगेत उभा होता. घरात आजारी आई, नवी बायको, हाताला काम नाही. आणि भीतीपोटी सकाळीच दोन बिड्या ओढलेल्या. प्रमिलाबाईंनी त्याची बोटं नाकाशी धरली. मग वर पाहिलं, थेट त्याच्या डोळ्यांत.

"जा पोरा, आत जा."

तिला कळलं होतं, आणि तिने पोटात घातलं होतं. संध्याकाळी धीरजने बिडीचा कट्टा वर्धा नदीत भिरकावला. चार वर्षं झाली, त्याने पुन्हा हात लावला नाही. आई बरी झाली, पोरगी झाली, आता फोरमनकी. एका बाईच्या दयेवर उभा राहिलेला संसार, असं तो हर्षाला सांगे.

त्या दिवशी रांगेत त्याच्या मागे प्रफुल होता, त्याचा बालपणापासूनचा मित्र. "याच्या बोटाले वास हाय," बाई म्हणाल्या.

"आईची शपथ, मी जन्मात बिडी नाई प्यायलो!"

"शपथेपेक्षा बाईचं नाक खरं!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. धीरजही हसला होता.

चहा आला. जरा करपट लागला. नाकात निंबोळी बसली असेल म्हणून, असं मनाशी म्हणत धीरजने तो संपवला.

"मावशी, एक बोलू? प्रफुल यंदा पुन्हा कामाचं म्हणून राह्यला. दोन एकरात भागत नाई त्याचं. भैय्याजी म्हणते, बाई हो म्हणन तं उद्याच घेतो."

प्रमिलाबाई रिकाम्या कपाकडे पाहत राहिल्या.

"एकदा आलेला वास मी विसरत नाई, बापू," त्या हळूच म्हणाल्या. मग लगेच, "अन् हे काय आणलं?"

"हर्षानं तूप पाठवलं. घरच्या गाईचं."

बाईंनी डबा मांडीवर घेतला. डोळे मिटून फडक्याशी नाक नेलं आणि खोल श्वास घेतला.

"वा! काय घमघमाट सुटला! लोणी चांगलं कढवलं पोरीनं."

धीरजचा ऊर भरून आला. निघताना तो पुन्हा पाया पडला.

प्रफुल शेतात तुरीवर फवारणीच्या तयारीत होता. धीरजला पाहून त्याने पंप खाली ठेवला.

"बोलला का बाईजवळ?"

"बोललो."

"मंग?"

धीरजने उरलेला डबा त्याच्या हातात दिला. "हे घे तुह्यं तेल. अन् ऐक, रागावू नको. तवा पीत होता, आता सोडली, असं कबूल काऊन नाई करत बे? भैय्याजीचे पाय धरू आपण."

"जे धरलंच नाई ते सोडू कसं?"

"प्रफुल, त्या बाईचं नाक चुकत नाई. मले तिनं समजून-उमजून सोडलं, हे मी तुले आज सांगतो. आताच पाह्य ना, तुपाचा डबा देल्ला. फडकंबी नाई सोडलं, वरूनच सांगतलं, लोणी चांगलं कढवलं म्हणून."

प्रफुल बांधावर बसला. त्याने फडक्याची गाठ सोडली, झाकण काढलं, आणि पंपात ओतायला उचललेला डबा हातातच राहिला. त्याने एक बोट आत बुडवलं आणि नाकाशी नेलं.

"धीरज," तो म्हणाला, "हे तं तूप हाय."