चहा न मिळालेला पेंटर

लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता चाँदभाईंचे केस पिकले, पण ब्रश टर्पेंटाइनऐवजी चहात बुडवायची खोड काही गेली नाही. तुंगार्लीच्या एका बंगलेवाल्याला मात्र त्यांचंच चित्र हवं होतं, खोलीत रंगवत बसलेल्या पेंटरचं. चाँदभाईंनी हौसेने स्वतःला पाठमोरं काढलं आणि हातात निळ्या रंगाने माखलेला ब्रश दिला.

"अहो, त्याला चहा नाही काढलात?" त्यांच्या बायकोने, उम्मेहानीने विचारलं.

"नको गं बाई, बुडवेल त्यात ब्रश!"

दोघंही पोट धरून हसले.

आज फक्त लाल रंगात सही करायची उरली होती. उम्मेहानीने चहा मुद्दाम लांब, खिडकीत नेऊन ठेवला. चाँदभाईंनी सही केली, ब्रश टर्पेंटाइनमध्येच धुतला आणि "बघ, सुधारलो की नाही!" म्हणत ऐटीत खिडकीतला चहाचा ग्लास उचलला.

चहा निळा झाला होता.

"निळा डबा तर मी आज उघडलाच नाही," ते हसत म्हणाले आणि सहज चित्राकडे वळले.

पाठमोऱ्या पेंटरच्या हातातला ब्रश स्वच्छ होता. त्याच्या टोकावरून चहाचा एक थेंब ओघळत होता.