पाण्याचा हबका

“काका, आधी त्या बाटलीचं झाकण लावा!” मी एवढ्या जोरात ओरडलो की सहलीतली वीसच्या वीस माणसं दचकून वळली. मी त्यांचा गाईड, आणि सकाळपासूनची ही आमची तिसरी गुहा. समोर दगडावर गेरूने काढलेली हजारो वर्षांपूर्वीची हरणी, आणि हे गृहस्थ तिच्यावर पाणी मारायला निघालेले.

“अहो, एक हबका मारतोय फक्त. रंग उठून दिसतो.”

“दिसतो ना, पाच मिनिटं! मग वाळताना रंगाचे पापुद्रे सुटतात. तुमच्या एका फोटोसाठी काढलंय का हे कुणी?” मी त्यांच्या हातातली बाटली हिसकावूनच घेतली.

आता काकाही भडकले. “मला अक्कल शिकवू नका! बारा वर्षांपूर्वी इथल्याच गाईडने स्वतः पाणी मारून दाखवलं होतं. तेव्हा हिच्या पोटाशी पाडस होतं. कुठाय ते? काय सांभाळता तुम्ही लोक?” त्यांनी मोबाइलमधला जुना फोटो माझ्या नाकासमोर धरला. “हा घ्या पुरावा!”

फोटोत ओली हरणी लालभडक झळकत होती. पोटाशी इवलंसं पाडस, मान वर करून आईकडे बघणारं. कडेला पाणी मारणाऱ्या गाईडचा हात तेवढा आला होता. मनगटात तांब्याचं कडं, एका बाजूला चेपलेलं.

“बोला की आता!” काका ओरडले.

मी बाही ओढून माझ्या मनगटातलं तेच कडं झाकलं. बाटली अजून त्याच हातात होती.