ध्वनिमुद्रण चालू आहे

स्वयंपाकघरात झाकण पडलं तेव्हा रेडिओवरची बासरी शेवटच्या सुरावर होती. झाकणाने अजून चार सेकंद कळ काढली असती, तर काही बिघडलं नसतं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावरची आवाज मोजणारी हिरवी पट्टी उडी मारून लाल झाली आणि परत खाली आली. चष्मेवाल्याने मान वळवली नाही. सूर विरेपर्यंत तो पट्टीकडेच बघत राहिला. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, फ्रिजची पिन काढलेली, तीन माणसांचे तीन मोबाइल कपाटात कपड्यांखाली. रेडिओ वडिलांच्या वेळचा. त्याला कॉम्प्युटरची वायर जोडली की घूं घूं ऐकू येई, म्हणून चष्मेवाला त्याच्यापुढे माइक ठेवून रेकॉर्डिंग करी. माइकला हादरे बसू नयेत म्हणून टेबलावर दुपदरी गोधडी अंथरलेली. रविवारी अकरा ते बारा घराने श्वाससुद्धा बेताने घ्यायचा, असा नियम होता.

"आपण आता ऐकलंत..." रेडिओवर निवेदिका बोलू लागली आणि चष्मेवाला उठला.

निवेदन तो मागाहून कापून टाकी. संग्रहात फक्त संगीत. त्यामुळे बोलायची, ओरडायची आणि हात उचलायची कामं दोन गाण्यांच्या मधे उरकून घ्यायची त्याला सवय लागली होती. बायकोचं संगीताचं ज्ञान असंच वाढलं. कोणाचे गुरू कोण, कोणी कोणत्या वर्षी गाणं सोडलं, सगळं तिला पाठ होतं. एकेका माहितीबरोबर अंगाची एकेक जागा आठवे. थोडक्यात आवरणारे निवेदक तिला आवडत. आजची बाई विद्वान होती.

"अहो, हातातून निसटलं," ती स्वयंपाकघराच्या दारात म्हणाली.

"निसटलं." त्याने तिचा दंड धरला आणि तिला चौकटीवर आपटलं. "आता मी काय करू? बासरीवाल्याला सांगू, तेवढा शेवट परत वाजव म्हणून?"

दुसऱ्यांदा चौकट कपाळाला लागली. तिसऱ्यांदा तो चौकटीवर अवलंबून राहिला नाही.

"...या गायिका रेडिओवर एकदाच गायल्या," निवेदिका सांगत होती. "ते ध्वनिमुद्रण हरवलं आहे, असंच आम्ही समजत होतो..."

सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून लोकरीचा गुंता सोडवत होत्या. सुया वाजतात म्हणून विणकामाला रविवारी सुट्टी असे.

"खिडकी नीट लागलीय ना रे?" त्यांनी विचारलं. "परवा शेजारीण विचारत होती, कसले आवाज येतात म्हणून."

"लागलीय, आई."

"आणि तोंडावर नको. भाजी आणायला जायचंय तिला."

"तुम्हीच जा आज," बायको जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाली. ओठ फाटल्यामुळे शब्द नीट उमटले नाहीत. ते बरंच झालं, कारण एवढं ती कधी बोललेली नव्हती.

चष्मेवाल्याने तिला केसांना धरून उभं केलं. मग तो थबकला. निवेदिकेचा आवाज उतरणीला लागला होता. हे गाणं लावा म्हणून त्याने नऊ वर्षांत स्टेशनला चौदा पत्रं लिहिली होती. आज ते लागणार होतं. त्याने तिच्या केसांतून बोटं एकेक करून सोडवली, पँटमधला पट्टा ओढून काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"एवढं गाणं होऊ दे," तो हळूच, जवळजवळ प्रेमाने म्हणाला. "मग निवांत बघतो तुझ्याकडे."

गाणं आजचं शेवटचं होतं. त्यानंतर बातम्या. बातम्या तो रेकॉर्ड करत नसे. म्हणजे गाणं संपल्यावर त्याला मधे थांबवायला काही नव्हतं.

तो टेबलाशी बसला. उजवा हात माउसवर, डोळे पट्टीवर. खरखर आली, तंबोरा आला, आणि त्यातून एका बाईचा कोवळा, जरा घाबरलेला आवाज वर आला. त्याच्या मानेवर काटा उभा राहिलेला मागून दिसत होता.

बायकोने ओट्यावरून पितळी बत्ता उचलला. खलाला धक्का लागू दिला नाही. बाहेरच्या खोलीतली कोणती फरशी हलते ते तिला माहीत होतं. ती वगळून ती टेबलापर्यंत आली. गाण्यात श्वास घेण्यापुरती जागा आली, तेवढी तिने जाऊ दिली. आवाज वर चढला तसा बत्ता खाली आला, माउसवरच्या हातावर.

मोडल्याचा आवाज गोधडीने गिळला. पट्टी हिरवीच राहिली.

चष्मेवाल्याचं तोंड उघडलं. पार दाढा दिसेपर्यंत उघडलं. मान ताठ झाली, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या. पण डोळे पट्टीवर होते, आणि पट्टीकडे बघत बघत त्याने ते तोंड पुन्हा मिटून घेतलं. आत जे काही आलं होतं ते गिळलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायला जावं तर खुर्ची करकरली असती.

लोकरीचा गुंडा घरंगळत गेला. सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या, किंचाळण्यासाठी त्यांनी छातीभर श्वास घेतला होता.

चष्मेवाल्याने धडधाकट हात उचलला आणि आईकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

सासूबाई बसल्या.

बायकोने बत्ता पदराला पुसला आणि नीट धरला. गाणं पावणेसात मिनिटांचं आहे, असं निवेदिका म्हणाली होती. अजून पहिलं कडवंसुद्धा सुरू व्हायचं होतं.